जंतांची उचलबांगडी : उंदराच्या आतड्यातून आलेले प्रश्न

पांढऱ्या पेशी जिवाणू गिळतात, हे ठीक. पण आतड्यातला जंत पेशीच्या शेकडो पट मोठा. त्याला कोण गिळणार?

कुणीच नाही. शरीर तो नाद सोडून देतं आणि जंताला तिथं राहणंच मुश्कील करतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी असतात, शंभरात जेमतेम एखादी. डोक्यावर ब्रशसारखा झुपका. त्या करतात तरी काय, हे कित्येक वर्षं कोडंच होतं. २०१६ मध्ये ते सुटलं : जंताची वर्दी हीच पेशी देते. ती इंटरल्यूकिन-२५ हे निरोप देणारं प्रथिन सोडते, त्यानं आयएलसी-२ या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात आणि त्या इंटरल्यूकिन-१३ हे दुसरं निरोप्या प्रथिन सोडतात. हा निरोप पोचला की अस्तरातल्या मूळ पेशी टफ्ट आणि चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींची भरती वाढवतात. म्हणजे बोंब मारणारेच वाढतात, बोंब आणखी मोठी होते. स्लाइडवर एरवी तुरळक दिसणाऱ्या गॉब्लेट पेशी आता काठोकाठ भरलेल्या पेल्यांसारख्या दाटीनं दिसतात. चिकट स्राव वाढतो, पाणी सुटतं, आतड्याचे स्नायू जोरानं आवळतात. उंदरांवरच्या प्रयोगांतला निपोस्ट्रॉन्जिलस हा जंतच घ्या. तो त्वचेतून शिरतो, फुप्फुसांतून घशात येऊन गिळला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात पोचतो. एवढा प्रवास करून दहाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर!

आमच्या स्लाइडवर इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर दिसले. खरी कामगिरी त्यांचीच ना?

गर्दीला फसू नका. इओसिनोफिल रोखले तरी उंदीर पहिल्या खेपेचे निपोस्ट्रॉन्जिलस वेळेवर हाकलतात. इंटरल्यूकिन-१३ नसेल तर मात्र अडतं. ट्रायकिनेला हा जंत असेल तर मास्ट या रोगप्रतिकारक पेशींकडे बघा.

एकाच जातीचे उंदीर, जंतही तोच, ट्रायक्युरिस. एका गटानं तो हाकलला, दुसऱ्यात तो मुक्कामी राहिला. आमचं काय चुकलं?

जंताची अंडी किती दिली होती? ब्लॅक-सिक्स या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या उंदराला एकदम दोनेकशे अंडी दिली तर टीएच-२, म्हणजे जंतांविरुद्धचा, प्रतिसाद उठतो आणि जंत जातात. वीसेक दिली तर इंटरफेरॉन-गॅमा या निरोप्या प्रथिनाचा, म्हणजे पेशींत शिरणाऱ्या जंतूंसाठीच्या टीएच-१ प्रतिसादाचा, जोर होतो आणि जंत ठाण मांडतात. थोडे जंत जास्त चिवट, हे पचायला मलाही वेळ लागला होता. या जंताचं तोंडाकडचं टोक आंधळ्या आतड्याच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या, अस्तरात रुतलेलं असतं. इंटरल्यूकिन-१३ मुळे अस्तराच्या पेशी भराभर बदलतात, सरकत्या जिन्यासारख्या वर जातात आणि जंताची जागाच उखडते.

हेलिग्मोसोमॉइडिस हा जंत महिनोन्‌महिने राहतो. तेव्हा रोगप्रतिकारशक्ती झोपलेली असते का?

झोपलेली नसते, तिचं तोंड दाबलेलं असतं. हा जंत टीजीएफ-बीटाची, म्हणजे शरीराच्याच शांत करणाऱ्या निरोपाची, नक्कल करणारं प्रथिन सोडतो. त्यानं नियामक टी पेशी वाढतात आणि त्या बाकीच्यांना आवरतात. त्याचं दुसरं एक प्रथिन इंटरल्यूकिन-३३ ला, म्हणजे जखमी पेशींच्या हाकेला, बांधून ठेवतं. औषधानं प्रौढ जंत काढा आणि पुन्हा संसर्ग करून पाहा. या खेपेला आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अळीला मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशी चहूबाजूंनी घेरतात आणि बहुतेक अळ्या तिथंच अडकतात.