वाचकांचे प्रश्न : सांध्यांची सूज, रक्ताची तपासणी आणि गावातला दवाखाना

सांधेदुखीवर सातारा-सांगलीतून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : औषध लिहून मिळतं, पण ते नीट चालू ठेवण्याची सोय घराजवळ नाही. म्हणून या वेळी औषधांइतकंच त्या सोयीबद्दलही लिहीत आहोत.

प्रश्न : आईचं वय ४८. चार महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, भाकरी थापता येत नाही. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, तेव्हा ‘संधिवात नाही, वयाचं दुखणं आहे’ असं सांगितलं गेलं. महिन्याला एक इंजेक्शन घेतलं की पंधरा दिवस बरे जातात. पुढे काय करावं? (जत)

उत्तर : फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड संधिवात, नाही असं होत नाही. दर चार-पाच रुग्णांमागे एकाच्या रक्तात तो सापडत नाही. उलट उतारवयात, क्षयरोगात किंवा काही प्रकारच्या काविळीत तो आमवात नसतानाही पॉझिटिव्ह येतो.

आधी हात बघा. उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. दहा-पंधरा मिनिटांत हात चालू लागला तर वयोमानाने होणारी सांध्यांची झीज असण्याचा संभव जास्त; अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागत असेल तर आमवाताचा संशय धरायलाच हवा. मग सांधे कुठले ते पाहा. नखाजवळचं पेर गाठीसारखं टणक झालं असेल तर ती बहुधा झीज. मुठीचे उंचवटे, बोटांची मधली पेरं आणि मनगटं दोन्हीकडे सुजली असतील, सूज दाबल्यावर मऊ लागत असेल, तर आमवात. आईचा हात हातात घेऊन चार बोटांच्या मुळांशी आडवा, हलका दाब द्या. तेवढ्यानेच ती कळवळली तर थांबू नका.

ओपीडीत नंबर लागेपर्यंत बारा वाजतात, तोवर सूज उतरलेली असते आणि हात ‘ठीक’ दिसतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, मूठ वळायला सांगून दोन्ही हातांचे फोटो मोबाइलवर घ्या, आठवडाभर रोज. ते फोटो डॉक्टरांना दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात केसपेपर काढताना हाडांचा विभाग न सांगता ‘मेडिसिन’ सांगा. आमवात हा हाडांचा नव्हे, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातली सूज दाखवतात) आणि अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करते) या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नका. दुखणं सुरू होण्याआधी मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण चिकुनगुनियानंतरचं दुखणं महिनोन्महिने टिकतं आणि अगदी असंच दिसतं.

इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून मागा. पंधरा दिवस आराम देणारं इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइड वाईट नाही. आजारालाच आवर घालणारं मुख्य औषध लागू पडेपर्यंत थोड्या काळासाठी तज्ज्ञही ते देतात. पण मुख्य औषधाशिवाय नुसतं तेच चालू राहिलं तर सूज झाकली जाते, सांधा आतून खराब होत राहतो, वर साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. गोळ्यांच्या रूपात रोज स्टेरॉइड चालू असेल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. चार महिने गेले आहेत. योग्य औषध पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बरंच टळतं, त्यामुळे सुगी उरकल्यावर बघू असं म्हणू नका.

प्रश्न : मला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम चालू केलंय. रक्त तपासायला पाटणहून कराड, तिथून मिरज असा दिवस मोडतो, मजुरीही बुडते. तीन महिने तपासणी झालेली नाही. गावाजवळ होईल का? (पाटण तालुका)

उत्तर : होईल, आणि या आठवड्यातच करा. मेथोट्रेक्सेट हे चांगलं आणि स्वस्त औषध आहे, पण ते यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम करू शकतं, आणि हा परिणाम अंगावर दिसण्याआधी रक्तात दिसतो. म्हणून सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे आठ ते बारा आठवड्यांनी तीन गोष्टी बघाव्या लागतात : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनीन (किडनीसाठी). यातली एकही तपासणी मिरजेतच व्हायला हवी अशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना देता येतो, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतल्या सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. रक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी द्या. गोळीनंतर एक-दोन दिवसांत दिलं तर एसजीपीटी तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि विनाकारण औषध थांबवलं जातं.

अडतं ते कागदावर. केंद्रातल्या डॉक्टरांनी हे औषध सुरू केलेलं नसतं, त्यामुळे ते हात लावायला कचरतात. पुढच्या खेपेला तज्ज्ञांकडून एक पानाचं पत्र लिहून घ्या : औषध, डोस, वार, कुठल्या तपासण्या, किती दिवसांनी, आणि कुठला आकडा आला तर औषध थांबवून फोन करायचा. ब्रिटनच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत पांढऱ्या पेशी ३,५००च्या खाली, प्लेटलेट १,४०,०००च्या खाली किंवा एसजीपीटी १००च्या वर, अशा मर्यादा दिल्या आहेत. तुमचे डॉक्टर तुमच्यासाठी वेगळ्या ठरवू शकतात. पत्र वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, पुढे प्रत्येक रिपोर्टची तारीख आणि आकडे लिहा. आकडे ठीक असतील तर मिरजेची फेरी तीन-चार महिन्यांनी पुरते का, हे तज्ज्ञांना विचारता येईल.

आता गोळीबद्दल, कारण सर्वांत जीवघेणी चूक इथेच होते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. ते रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. गावच्या बाजाराचा दिवस गोळीचा दिवस ठरवा, विसरणार नाही. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळी बहुतेक वेळा तशीच लहान आणि पिवळी असते. दोन्ही एका डब्यात ठेवू नका, फॉलिक वेगळ्या डबीत ठेवा आणि सांगितलेल्या दुसऱ्या वारीच घ्या. मेथोट्रेक्सेट २.५, ५, ७.५, १० मिलिग्रॅममध्ये मिळतं. दुकानदाराने या खेपेला वेगळ्या ताकदीची पट्टी दिली तर गोळ्यांची संख्या बदलते, ती त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घ्या, नाहीतर त्या आठवड्याची सोडा. भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आणि धाप, अंगावर काळेनिळे डाग, यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी या औषधाचं नाव आधी सांगा, कारण कोट्रायमोक्सॅझोल हे नेहमीचं जंतुनाशक याच्यासोबत धोक्याचं आहे. दारू टाळा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

प्रश्न : युरिक अॅसिड ७.४ आलं. अंगठा कधी दुखला नाही. डाळ बंद करू? (विटा)

उत्तर : नको. युरिक अॅसिड साठून सांधा सुजतो त्याला गाउट म्हणतात, आणि तो बहुधा पायाच्या अंगठ्यात सुरू होतो. पण त्रास नसताना नुसत्या आकड्यासाठी सहसा औषधही लागत नाही. पाणी भरपूर प्या, बिअर आणि गोड शीतपेयं सोडा. कधी अंगठा रातोरात लाल होऊन सुजला, तर तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका गुडघे धरून येतात, आम्ही वेदनाशामक देतो. आणखी काय करता येईल? (तासगाव तालुका)

उत्तर : बरंच, आणि फार खर्च न करता. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तुम्ही तपासताच. त्याच वेळी दोन प्रश्न जोडा : सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात का? सहा आठवड्यांपासून एखादा सांधा सुजलेला आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर गोळी देऊन परत न पाठवता ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा) दाखवा किंवा चिठ्ठी देऊन पुढे पाठवा. ताप आणि एकच लाल, गरम सांधा असेल तर त्याच दिवशी पाठवा. आत पू असू शकतो आणि दोन-तीन दिवसांत सांधा निकामी होतो.

झिजेच्या गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू हेच औषध. पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून पाच अंक मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. कागद देऊन होत नाही, समोर करून घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा करून दाखवायला सांगा. व्यायाम सुटतो तो इथेच, कारण पहिले काही दिवस थोडं जास्त दुखतं आणि सहा आठवड्यांआधी फरक जाणवत नाही. हे आधीच सांगितलं तर बायका टिकून राहतात. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, उंची मनगटाच्या घडीइतकी. वेदनाशामक देण्याआधी रक्तदाब, किडनी आणि पित्ताचा त्रास विचारा. मलम आधी वापरून बघा.

इमारतीकडेही लक्ष द्या. ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर एकास बाराच्या उताराला ५.४ मीटर रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून दोन मीटरचा घसरता रॅम्प केला तर तो कुणीच वापरत नाही. बाकाऐवजी हात असलेल्या दोन-तीन खुर्च्या ठेवा, बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर. गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या निधीतून खुर्च्या आणि कठडा मागता येतो. ठराव लेखी द्या.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, वारंवार पडतो, जिना चढताना थकतो. एसजीपीटी वाढलंय म्हणून काविळीचं औषध चालू आहे, डोळे पिवळे नाहीत. (कोरेगाव)

उत्तर : एसजीपीटी स्नायूंतूनही रक्तात येतं. मुलाला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. तो आधी ओणवा होऊन, मग हातांनी मांड्यांवर चढत चढत उठत असेल, पोटऱ्या जाड आणि टणक असतील, चवड्यांवर चालत असेल, तर काविळीचं औषध थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासा. स्नायूंच्या डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू कमकुवत करत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, ते नेहमीच्या कित्येक पटींनी वाढतं. बालरोगतज्ज्ञांना भेटून जनुक तपासणीबद्दल विचारा, कारण घरातल्या पुढच्या बाळंतपणाआधी ती माहिती लागते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी मिळाली तर जिल्ह्याच्या ठिकाणी मार्ग सोपा होतो.

आजार पूर्ण बरा होत नसला तरी करण्यासारखं बरंच आहे : पोटऱ्या आखडू नयेत म्हणून रोज घोट्याचे ताण, तज्ज्ञांनी ठरवलं तर स्टेरॉइड, ठरावीक काळाने हृदयाची इको (सोनोग्राफी). स्नायूंची डिस्ट्रॉफी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे धरलेली आहे. निदान पक्कं झालं की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, दिव्यांगत्वाचं प्रमाण त्यानंतरच्या तपासणीत ठरतं. शाळेला प्रमाणपत्राची प्रत द्या आणि मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवायला सांगा.