पट्टीचा पोहणारा शेततळ्यात कसा बुडतो?

तुम्ही विचारलंय की लहानपणापासून विहिरीत सूर मारणारा तुमचा मामेभाऊ दहा फूट पाण्याच्या शेततळ्यात बुडालाच कसा, आणि यात घातपात तर नसेल? त्या दिवशी तिथं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण पोहता येणारा माणूस शेततळ्यात बुडू शकतो, हे मला चांगलंच ठाऊक आहे, कारण मी स्वतः थोडक्यात वाचलोय.

आमची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात. तळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, भरलं की साधारण 22 लाख लिटर. मोटरच्या फुटव्हॉलला (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) शेवाळ अडकलं म्हणून वाकलो आणि सटकलो. आधी हसूच आलं. चार हात मारले, कडेला आलो, तळहात कागदावर टेकवला आणि सर्रकन खाली. पुन्हा टेकवला, पुन्हा खाली. (तळ्याच्या प्लॅस्टिक अस्तराला आमच्याकडे कागदच म्हणतात.)

विहिरीत हाताला काहीतरी लागतंच: दगडाची कपार, पायरी, पिंपळाची मुळी. 500 मायक्रॉनच्या कागदाला ना सांधा ना खाच, वरून शेवाळाचा बुळबुळीत थर. 45 अंशांचा उतार काठावरून बघताना अगदी सोपा वाटतो. पण अंग जितकं पाण्याबाहेर काढाल तितका भार हातापायांवर येतो, आणि तेवढ्यात पाय निसटतात. काठ माझ्यापासून चार फुटांवर होता. पोहून कुणी एवढं दमत नाही, मी चढून चढून दमलो. सात-आठ वेळा घसरल्यावर नाकातोंडात पाणी गेलं आणि धीर सुटला.

हाक मारायचं सुचलंच नाही असं नाही, मारता येईना. तोंड वर येई तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा की ओरडायचं? फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकानं बुडणाऱ्यांचं चित्रण करून हेच दाखवलंय: माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही, नुसते दोन्ही हात पाण्यावर दाबत राहतो, आणि 20 ते 60 सेकंदांत खाली जातो. त्यामुळे ‘आवाज कसा आला नाही’ यावरून घातपाताचा संशय घेऊ नका.

आमच्या गड्यानं पाहिलं. तो पट्टीचा पोहणारा, पण शहाणा. उडी घातली नाही. ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पडलं होतं, त्यातल्या पाच-सहा नळ्या एकत्र धरून टाकल्या आणि स्वतः बांधावर पालथा पडून ओढलं. उडी मारली असती तर दोघेही आत राहिलो असतो. एकाच घरातले दोघं-तिघं शेततळ्यात गेल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा अशाच. दोर, साडी, टोपण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. आणि आत पडलेल्यानं चढायची धडपड सोडून पाठीवर तरंगावं, जमलं तर मोटरच्या पाइपला धरून राहावं.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं हे प्रकार अजून चालतात. त्यानं वेळ जातो आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जायची भीती असते. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास नंतर वाढतो.

मी दुसऱ्याच दिवशी चारही बाजूंना बांधावर खुंट ठोकून गाठी मारलेले दोर सोडले, थेट तळापर्यंत, कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की अर्धा दोर वरच लटकतो. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पाण्यावर सोडलीय. कुंपण होतं, फाटकाला कुलूप नव्हतं, ते आता आहे. फुटव्हॉल काढायचा तर कमरेला दोर आणि काठावर दुसरा माणूस. शेजारी म्हणाले, गाठी घासून कागद फाटेल. दोन पावसाळे झाले, फाटला नाही. नायलॉन मात्र उन्हानं कडक होतो, म्हणून पाडव्याच्या सुमारास दोर बदलतो.