हूवरना सोनं सापडलं होतं का?

प्रश्न: अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर आधी खाण इंजिनिअर होते आणि त्यातूनच गब्बर झाले असं वाचलं. त्यांना सोनं सापडलं होतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, सोनं आधीच दुसऱ्यांनी शोधलेलं असायचं, ती खाण विकत घ्यायच्या लायकीची आहे का हे सांगणं हूवरचं काम. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १८९५ ला बाहेर पडले तेव्हा धड नोकरी नव्हती, कॅलिफोर्नियात खाणीत खनिजाचे डबे ढकलले, मग १८९७ मध्ये लंडनच्या बेविक मोरिंग कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियाला धाडलं. वय २२, म्हणून थोराड दिसावं म्हणून दाढी वाढवली म्हणतात! तिथे वाळवंट, पाण्याची मारामार आणि खाणी बघायला उंटावरून प्रवास. सन्स ऑफ ग्वालिया ही खाण त्यांनी घ्यायला लावली, १८९८ ला तिचे मॅनेजरही झाले, आणि लगेच कामाचा आठवडा ४४ चा ४८ तास, रविवारचा डबल पगार बंद, वर इटालियन कामगार आणले. कामगार भडकले, पण लंडनचे मालक खूश. (हे कुठल्याही काळात असंच चालतं बहुतेक.)

मग चीन. काइपिंगच्या कोळसा खाणी बॉक्सर बंडाच्या (परकीयांविरुद्धच्या उठावाच्या) धामधुमीत ब्रिटिश कंपनीकडे गेल्या, त्यावर लंडनच्या कोर्टात केस झाली आणि १९०५ मध्ये निकाल चिनी बाजूने लागला. हूवरनी त्यात साक्ष दिली होती, हा भाग काही फार अभिमानाचा नाही.

खरी गंमत मात्र टाकाऊ मालात आहे. ऑस्ट्रेलियातल्याच ब्रोकन हिलला शिसं-चांदी काढून उरलेल्या चुऱ्याचे डोंगर पडले होते, त्यात जस्त भरपूर पण वेगळं काढता येत नव्हतं. १९०५ ला झिंक कॉर्पोरेशन काढली, त्यात हूवर होते, सुरुवातीला बरीच फजिती झाली पण शेवटी फेसाची पद्धत जमली. म्हणजे बारीक चुरा पाण्यात घालून, तेल टाकून हवेचे बुडबुडे आणायचे, जस्ताचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि माती खाली राहते, डाळीला उकळी आल्यावर वरचा फेस काढतो ना तसा तो काढून घ्यायचा. ब्रह्मदेशात बॉडविनलाही तेच, म्हणजे तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तिथे जुन्या चिनी भट्ट्यांची मळी, म्हणजे धातू वितळवून उरलेला कचरा, पडली होती, तिच्यातही शिसं निघालं, पुढे खालची खाण प्रचंड निघाली. १९०८ ला बेविक मोरिंग सोडून स्वतःचा सल्ल्याचा धंदा सुरू केला तेव्हा पैसा पगारापेक्षा शेअर्समधूनच जास्त येत होता.