मुंबई–लंडन: अंतर बघा, पण वेळ नीट मोजा

पहिल्यांदाच लंडनला निघाला आहात, तर आधी एक गोष्ट पक्की करा. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची. दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6:30 ला पोचणार असं छापलेलं असेल, तर प्रवास साडेपाच तासांचा नाही. लंडनचं घड्याळ मुंबईच्या मागे असतं, म्हणून त्यात उन्हाळ्यात साडेचार तास मिळवायचे, म्हणजे झाले 10. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हाच फरक साडेपाच तासांचा होतो. औषधांच्या वेळा ठरवताना हा हिशेब जरूर करा, विशेषतः आईवडील सोबत असतील तर.

सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. विमान मात्र तेवढंच उडतं असं नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की लांबचा वळसा पडतो. म्हणून अंतराला वेगाने भागून वेळ काढू नका, विमान कंपनीचं वेळापत्रकच धरा. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर जागेवर लागण्याचा वेळही धरलेला असतो.

जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर लगेच पुढची गाडी पकडायची असं ठरवू नका. इमिग्रेशनची रांग कधी दहा मिनिटांत सरकते, कधी तास खाते. तीन तास तरी मोकळे ठेवा.