ओउलूच्या हिवाळ्यासाठी टायर : फैजपूरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑगस्टात बायको आणि सहा वर्षांच्या पोराला घेऊन फैजपूरहून फिनलंडला, ओउलूला येताय. चारचाकी घ्यायची नाही, बर्फातही सायकलच चालवायची म्हणता. तर टायर कोणते घ्यावेत, आणि जळगावहूनच आणले तर स्वस्त पडतील का, असं विचारलंय. व्हिसा, घर, बँक यांवर मी काही लिहीत नाही, ते सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे. टायरवर लिहितो. काल रात्री झोप लागली नाही ती याच टायरांपायी.

आधी सोपं. जळगावहून आणू नका. मी आणले होते. २०१६ साली अमळनेरहून निघताना दोन नवेकोरे टायर सुतळीने बांधून बॅगेत कोंबले, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून आईने दिलेला कुरडयांचा डबा बाहेर काढला. बाबांच्या काळ्या सायकलला २८ इंची लागायचे, इथल्या सायकलवरही २८ लिहिलेलं, म्हटलं झालं काम. इथे येऊन चढवला तर टायर रिमवर सैल बांगडीसारखा लोंबायला लागला. आपल्या जुन्या सायकलीचा २८ म्हणजे रिमवर ६३५ मिलिमीटर आणि इथला २८ म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरसाठी कुरडया गेल्या. तेव्हा दुकानात इंच बोलूच नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४२-६२२ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा. तो दुसरा आकडा जुळला पाहिजे. रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं, फक्त मडगार्डमध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर बर्फ आत दाबून बसतो आणि चाक जाम होतं.

आता थंडीचं. तुम्ही केळीवाले, तुमच्या डोक्यात थंडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. यावल-रावेरकडे पारा आठ-दहावर उतरला की केळी अडून बसते, घड निसवत नाही, रात्रभर बागेत धूर करत बसावं लागतं. त्यामुळे उणे वीस ऐकलं की माणसाला वाटतं, आता सायकल घसरणारच. तसं नाही. उणे वीसला दाबून बसलेला बर्फ चाकाखाली करकर वाजतो आणि चांगला धरतो. घात करतं ते शून्याच्या आसपासचं हवामान. दुपारी वितळतं, रात्री त्याच पाण्याची काच होते, वरून चिमूटभर भुरभुर पडली की ती काच दिसतसुद्धा नाही. इथे हे दिवस नोव्हेंबरात येतात आणि पुन्हा मार्च-एप्रिलला. जानेवारीची भीती बाळगू नका, नोव्हेंबरची बाळगा.

त्या काचेवर नुसतं रबर, नक्षी कितीही खोल असली तरी, काही कामाचं नाही. खिळ्यांचेच टायर लागतात. खिळे टंगस्टन कार्बाइडचे आहेत का ते बघून घ्या. साधे पोलादी मोकळ्या डांबरावर लवकर झिजतात. पूर्वी नोकियन नावाने मिळायचे आणि आता सुओमी टायर्स म्हणून मिळतात, त्यात १०६ खिळ्यांचा आणि २४० खिळ्यांचा असे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. श्वाल्बेचा मॅरेथॉन विंटरही चांगला. रस्ता रोज साफ होत असेल तर १०६ वाला पुरतो, हलका पडतो. पण चाकोऱ्या गोठून कडक झाल्या की चाक त्यांच्या कडेवर चढताना बाजूचे खिळे लागतात, तिथे २४० वालाच. मी आता तोच वापरतो. जड आहे, पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, पण असू द्या. नवीन घेतला की पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या डांबरावर सावकाश चालवा, करकचून ब्रेक नको, म्हणजे खिळे आपल्या जागी घट्ट बसतात.

हवेचं एक कोणी सांगत नाही. घरात वीस अंशांना ६० पीएसआय भरून उणे वीसात बाहेर पडलात की ती आपोआप ५०वर येते. गळती नसते, हवा आकसते. काच असेल त्या दिवशी कमी हवाच बरी, जास्त खिळे जमिनीला लागतात. आणि कधीतरी कडाक्याच्या थंडीत पेडल गरगर फिरेल पण सायकल हलणार नाही, तेव्हा चेन तुटली म्हणून घाबरू नका. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस घट्ट होऊन आतली कुत्री, म्हणजे चाकाला पकडणारे छोटे खटके, पडत नाहीत. सायकल थोडा वेळ घरात उभी करायची, की येतात वळणावर.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो, जातो. चार मराठी घरं आहेत, भरीत होतं, वांग्याला चव नसते. पुढे.

एकच टायर घ्यायचा तर पुढचा घ्या, असं तुम्हाला सगळे सांगतील. खरं आहे. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर पाय टेकवता येतो. पण हा एकट्या माणसाचा हिशेब झाला. मी तो ऐकला, पुढचा घेतला आणि मागच्याचे साठ युरो वाचवले. तेव्हा प्रत्येक युरोला मनात सत्तराने गुणायचो. लेक सात वर्षांची होती, वीस किलोही नव्हती, मागच्या खुर्चीत बसायची. नोव्हेंबरातली सकाळ, सव्वाआठची, अजून अंधारच. इथे मोठ्या रस्त्याखालून सायकलींचे बोगदे आहेत, त्यातल्या एकात उतरत होतो. तळाशी आदल्या दुपारचं पाणी साचून गोठलेलं. पुढचं चाक सरळ गेलं, एक इंचसुद्धा हललं नाही. मागचं मात्र वीस किलो घेऊन बाजूला गेलं. पाय टेकवला, तर पायाखालीही काचच. पडल्यावर ती रडली नाही. हेल्मेटवर बर्फाचा चुरा चिकटला होता, आणि तिने विचारलं, "बाबा, आता उशीर होईल का?"

तिचं कॉलरबोन मोडलं होतं. हात झोळीत, तीन आठवडे घरी.

परदेशातून येणाऱ्या पोरांना इथे आधी भाषेच्या तयारीच्या वर्गात घालतात. तुमच्या पोराचंही बहुधा तसंच होईल. त्या वर्गात पोरं नेमकी तेव्हाच एकमेकांशी बोलायला लागली होती. ही परत गेली तेव्हा जोड्या जमून गेलेल्या. मग ही गप्प. वर्षाच्या शेवटी शाळेने बोलावून सांगितलं, मुलगी शांत आहे, तिला वेळ हवा, दुसरीऐवजी पहिलीत बसवू. वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेली पोर! मी खूप भांडलो. तिथे कोणी आवाज चढवत नाही, त्यामुळे आपलं भांडण आपल्यालाच ऐकू येतं. त्यात मातृभाषेचा कागद. इथल्या नोंदीत माणसाला एकच मातृभाषा लिहिता येते. घरात अहिराणी, पुस्तकात मराठी, आणि आमच्या फॉर्मवर कुणीतरी परस्पर हिंदी लिहून टाकलेलं. ते बदलून घ्यायला तीन चकरा. नोंद झाल्याबरोबर तपासून घ्या, एवढं लक्षात ठेवा. शाळेवर अजून राग आहे माझा. बायको म्हणते, शाळेवरच कर, सोपं पडतं.

आईचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. तीन आठवडे मी फोन असा धरला की लेकीचा फक्त चेहरा दिसावा, हनुवटीच्या खाली काही नाही. हात अवघडायचा. एकदा फोन जरा खाली गेला तर आई म्हणाली, "पोरले काय गुंडाळेल शे रे?" मी म्हटलं, मफलर. आई आता नाही. तिला ते मफलरच होतं.

हे सगळं तुम्ही विचारलं नव्हतं. पण बाकीचे लोक एक टायर की दोन यावर वजन, किंमत, मायलेज सांगतील, म्हणून लिहिलं. मागचा टायर मी दुसऱ्याच दिवशी आणला होता. त्याच दुकानातून, त्याच किमतीला.

तर ऑगस्टात उतरलात की टायर तेव्हाच घेऊन ठेवा. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की नेमकं आपलं माप संपलेलं असतं. दोन्ही चाकांना घ्या. एप्रिलमध्ये बर्फ गेला की रस्त्यावर टाकलेली खडी उघडी पडते, पंक्चर त्याच महिन्यात जास्त होतात, तर सोल्युशन आणि ठिगळं खिशात ठेवा. ती मात्र जळगावहून आणली तरी चालतील.

पोराला इथे वीस इंची सायकल घ्याल, तेव्हा कडेचा आकडा वाचून मला कळवा. ४०६ असेल तर नवे घेऊ नका. लेकीचे खिळ्यांचे टायर तळघरात पडून आहेत, दोन्ही. ती आता मोठी सायकल चालवते. दर ऑक्टोबरात टायर स्वतःच बदलते, मला हात लावू देत नाही. सुरुवात मागच्या चाकापासून करते.