२५ हजारात शाळेची खोली होते का?

प्रश्न : सर, आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे, पट ३८. खोल्या दोन, पण कौलारू खोलीची भिंत मागच्या पावसाळ्यापासून फुगून राहिली, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बसतात, अर्धे पोरं या फळ्याकडे तोंड करून आणि अर्धे त्या. मुख्याध्यापक म्हणतात प्रस्ताव दिला, फंड नाही. गावातले म्हणतात दरवर्षी २५ हजार येतात ते जातात कुठं? मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, लोकांना काय सांगू?
— एक आई, पारशिवनी तालुका

उत्तर : ताई, पहिले ते २५ हजार. ते समग्र शिक्षाचं, म्हणजे केंद्र-राज्याच्या शाळांसाठीच्या योजनेचं अनुदान, पटावर ठरते, ३० पर्यंत १० हजार आणि ३१ ते १०० ला २५ हजार. खडू, लाइट बिल, संडासाची सफाई, नळाची तोटी यातच ते संपते, त्यात खोली काय, तिचा पायाही होत नाही. हिशोब मात्र बिनधास्त मागा, समितीत ७५ टक्के पालक त्यासाठीच असतात.

खोलीचा पैसा वेगळा. एक तर समग्र शिक्षातून, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, नाही तर जिल्हा नियोजन समितीतून. आणि तुमच्या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत ना, मग जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही मागा, खाणवाल्यांकडून येणारा पैसा खाणीच्या भागातल्या गावांवर खर्च करायला ते असते, शिक्षण त्यांच्या प्राधान्याच्या यादीत आहे पण तिकडं अर्ज करायचं कोणाला सुचतच नाही. पट कमी म्हणून कोणी टाळलं तर शिक्षण हक्क कायदा दाखवा, ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक अन् प्रत्येक शिक्षकामागं एक खोली.

पण खरी गोम दुसरीच वाटते मला. ती खोली कागदावर अजून उभी आहे का? तिचं निर्लेखन, म्हणजे ‘वापरायोग्य नाही’ म्हणून कागदावरून कमी करणं, झालं नसेल तर सरकारच्या हिशोबी तुमच्याकडं दोन खोल्या आहेतच, मग तिसरी कोण देईल! यू-डायसचा फॉर्म पाहा, शाळेची दरवर्षीची माहिती सरकारला त्यातूनच जाते. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, छताचे वासे खाली आले होते अन् फॉर्मात ‘किरकोळ दुरुस्ती’, कारण काय तर मागच्या वर्षीचा फॉर्म तसाच उतरवला.

तर समितीचा ठराव घ्या, भिंतीचे फोटो जोडा, इंजिनिअरची पाहणी मागा अन् गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊन पोच घ्या. ‘प्रस्ताव दिला’ म्हणतात त्याचाही आवक नंबर विचारा. आणि तोवर पोरांना त्या भिंतीच्या सावलीत डबा खायला बसू देऊ नका बाप्पा.