जुनंच डांबर परत टाकलं म्हणजे फसवणूक का?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता मशीनने खरवडला आणि सगळा काळा माल डंपरमधून नेला. आता साईटवरचा माणूस सांगतोय की यातलाच थोडा नवीन मिक्समध्ये जाणार, आणि डांबरही म्हणे नेहमीपेक्षा कमी तापवलेलं असणार. टॅक्स आम्ही भरायचा आणि जुना, अर्धवट तापलेला माल आमच्याच दारात? तक्रार करावी का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नमस्कार काका. तक्रार करायच्या आधी एवढं वाचा, कारण प्रश्न अगदी योग्य आहे पण राग चुकीच्या गोष्टीवर निघतोय असं मला वाटतं.

आधी खरवडण्याबद्दल, कारण ते तुमच्या फायद्याचं झालंय. जुन्या थरावर नवा, त्यावर आणखी नवा असं करत गेलं की रस्ता वर येतो, सोसायटीचं गेट खाली राहतं आणि जुलैमध्ये पाणी सरळ तळमजल्यावर. तुम्ही भांडुपला राहता, तुम्हाला हे मी काय सांगायचं. असं खरवडलं, म्हणजे मिलिंग केलं, की लेव्हल राखता येते.

आता तो काळा माल. शंभर किलो डांबरी मिक्समध्ये साधारण पंचाण्णव किलो खडी-ग्रिट असते आणि डांबर पाचेक किलोच. आपल्याकडची खडी म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, दहा वर्षं गाड्या गेल्या म्हणून तो म्हातारा होत नाही. म्हातारं होतं ते डांबर. ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते कडक होत जातं, म्हणून जुना माल जास्त घातला आणि बाकी काही बदललं नाही तर रस्त्याला तडे जाणार. त्यावर उपाय आहे, नवीन डांबर थोडं मऊ ग्रेडचं घ्यायचं किंवा जुन्याला परत मऊ करणारं रिजुव्हिनेटर तेल घालायचं. अमेरिकेत नवीन डांबरी मिक्समध्ये सरासरी पाचवा हिस्सा जुना माल असतो आणि रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनेही २०१५ मध्ये यासाठी आयआरसी १२० हे मार्गदर्शक काढलंय, म्हणजे हा कुणी चोरून करायचा प्रकार नाही. चोरी होते ती वेगळ्या ठिकाणी: किती टक्के जुना माल घातला ते लपवणं, तो न चाळता घालणं, पावसात उघड्यावर भिजलेला ढीग तसाच प्लांटमध्ये ढकलणं. विचारायचं तर हे विचारा.

कमी तापमानाचं आणखी महत्त्वाचं, आणि मुंबईत तर फारच. नेहमीचं गरम मिक्स, व्हीजी-३० या ग्रेडच्या डांबराचं, प्लांटमध्ये १५० ते १६५ डिग्रीला बनतं, पसरताना ते किमान १४० हवं आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. आता प्लांट शहराबाहेर, काम रात्रीचं, डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला, माल थंड झाला आणि तरी तोच अंथरला, मग रोलर कितीही फिरवा तो दबत नाही, आत हवेच्या पोकळ्या राहतात, पहिल्या पावसात त्यात पाणी शिरतं आणि गणपती यायच्या आत खड्डा. तुमच्याकडचं कमी तापवलेलं मिक्स म्हणजे वॉर्म मिक्स, त्यात मेणासारखा पदार्थ किंवा केमिकल घालतात, नाहीतर थोडंसं पाणी मारून डांबराला फेस आणतात, त्यामुळे ते २०-३० डिग्री कमी तापमानालाही खडीला नीट चिकटतं आणि दाबलं जातं. म्हणजे रोलरवाल्याला जास्त वेळ मिळतो. अर्धवट तापवलेलं नाही ते, कमी तापवूनही काम होईल असं बनवलेलं आहे. खड्ड्यात पिशवीतून ओततात ते कोल्ड मिक्स, तो प्रकार पूर्ण वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका.

धोका एकच खरा वाटतो मला. कमी उष्णतेत खडी पूर्ण सुकली नाही तर पाण्यामुळे डांबर खडीवरून सुटतं, आणि आपला पाऊस बघता हे हलक्यात घ्यायचं नाही. ओल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या निदान ८० टक्के तरी भरते का, याची लॅब टेस्ट असते. वॉर्ड ऑफिसात तो रिपोर्ट मागा, जुन्या मालाची टक्केवारी मागा आणि रस्त्यातून कापून काढलेल्या गोल नमुन्याची, म्हणजे कोअरची, घनता मागा, माल किती दाबला गेलाय ते त्यावरून कळतं. रात्री काम चालू असेल तर खाली उतरून थर्मामीटर लावून दाखवा म्हणा, हक्क आहे तुमचा.

प्रश्न : माझा भाऊ पेव्हरवर, म्हणजे डांबर पसरणाऱ्या मशीनवर, कामाला आहे. रात्रभर धुरात, सकाळी येतो तर डोळे लाल आणि खोकला. कमी तापमानाच्या डांबराने फरक पडतो का?
– एक वाचक, गोवंडी

उत्तर : पडतो ताई. डांबर जितकं जास्त तापवाल तितका धूर जास्त, आणि पेव्हरवर उभा असलेला माणूस सगळ्यात जवळ असतो. रस्ताकामातल्या डांबराच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 'कॅन्सर होण्याची शक्यता' असलेल्या गटात ठेवलंय, म्हणून नुसतं डोळे चुरचुरतात एवढ्यावर हे सोडू नका. वॉर्म मिक्सची चर्चा बहुतेक वेळा प्लांटमधलं इंधन वाचतं यावरच होते, मला मात्र भावासारख्या माणसांच्या छातीचं कारण आधी यायला हवं असं मनापासून वाटतं. पण मिक्स कुठलं घ्यायचं हे त्याच्या हातात नाही, तेव्हा मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मुकादमाकडे मागायचेच, अंगावर उडालेलं डांबर रॉकेलने किंवा डिझेलने पुसायचं नाही, आणि खोकला टिकून असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवून काम काय करतो ते स्पष्ट सांगायचं.

प्रश्न : आम्ही सोसायटीत प्लास्टिक पिशव्या जमवतोय, रस्त्यासाठी देता येतील का? वॉर्म मिक्समध्ये चालतील?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कल्पना चांगली आहे. मदुराईच्या त्यागराजर कॉलेजचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. प्लास्टिकचे बारीक तुकडे १६०-१७० डिग्रीच्या गरम खडीवर टाकतात, ते वितळून खडीवर लेप बसतो, मग डांबर. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के एवढंच प्लास्टिक. आता तुमच्याच प्रश्नातली अडचण बघा, लेप बसायला खडी तापलेली लागते आणि वॉर्म मिक्सचा सगळा मुद्दा ती कमी तापवण्याचा, त्यामुळे एकाच रस्त्यात दोन्ही सहज जमत नाही. पिशव्या जमवत राहा, धुवून सुकवून ठेवा, फक्त पीव्हीसी या प्रकारचं प्लास्टिक वेगळं काढा, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स बॅनर बहुतेक पीव्हीसीचेच असतात, ते यात अजिबात देऊ नका.